कवळीवाल्या बाईंचं मत

बाईंचा धंदा दातांचा. दात काढण्याचा नव्हे, ज्यांचे गेले त्यांना नवे करून देण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेत, ते शेजारच्या खोलीत बाईंकडे येई, आणि मग प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात असं करत बाई कवळी उभी करत. तीस वर्षं एका स्टुलावर, एका दिव्याखाली हे काम करून त्यांची नजर अशी तयार झाली होती, की समोरचा माणूस हसला की त्याचे दात कुठले आहेत हे त्यांना आधी कळे आणि तो कशाला हसला ते मागाहून. सगळे त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत आणि त्यांना ते आवडत असे.

बाईंना मतं होती. मतं तशी सगळ्यांनाच असतात, पण बहुतेकांची विचारल्यावर बाहेर येतात. बाईंची विचारायच्या आत येत. टीव्हीच्या रिमोटवर अठ्ठेचाळीस बटणं होती, त्यांतली त्रेचाळीस त्यांनी चिकटपट्टी लावून झाकून टाकली होती आणि उरलेल्या पाचांवर टीव्ही सुरळीत चालला होता. फोनवाले अधूनमधून पडद्यावरची सगळी बटणं इकडची तिकडे करत, तेव्हा त्या म्हणत, की आपण झोपलेलो असताना कोणी घरात शिरून फडताळातली भांडी हलवून गेलं तर त्याला आपण सुधारणा म्हणू का. आणि कुठलीही वस्तू घ्यायची असली तर त्यांची एक ठरलेली रीत होती. वस्तू घ्यायच्या आधीच तिच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावायचा, फोन स्पीकरवर टाकायचा आणि मेणात पुढचे सहा दात बसवायला घ्यायचे. सहावा दात बसायच्या आत पलीकडून हाडामांसाचं माणूस बोललं तर वस्तू घ्यायची, नाहीतर नाव काढायचं नाही. इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळं याच परीक्षेवर घेत आणि पस्तावल्याचं कोणी बोललं नव्हतं.

यावरून कोणाला वाटेल की बाई यंत्रांच्या वैरी. तसं अजिबात नव्हतं. डॉक्टरांनी तोंडाचं माप संगणकावर घेणारं मशीन आणलं तेव्हा डॉक्टर स्वतः महिनाभर त्याच्याकडे लांबून बघत होते आणि बाईंनी तिसऱ्या दिवशी ते चालवून दाखवलं होतं. फोनवर त्या खेळही खेळत. रंगीत फरश्या जुळवायचा एक खेळ होता आणि बाई त्याच्या अकराशे चाळिसाव्या पायरीवर पोचल्या होत्या. त्यासाठी त्यांची वेळ ठरलेली होती. साच्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत साच्याला हात लावायचा नसतो आणि बाईंनाही कोणी हात लावायचा नसे.

खेळावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो मधे येणाऱ्या जाहिरातींवर. त्यातही एक जाहिरात अशी होती, की कोणाचं तरी बोट समोर ढळढळीत दिसणारी फरशी सोडून भलतीच उचलतं आणि हरतं. आपण बघावं आणि चिडून म्हणावं की थांब, मी दाखवते, एवढ्यासाठी ते बोट मुद्दाम हरतं हे बाईंना पहिल्या दिवशी समजलं होतं. तरी त्या रोज चिडत. टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या पांढऱ्या डगल्यातल्या माणसाने जन्मात कोणाच्या तोंडात बोट घातलेलं नाही, हे त्या त्याच्या नखांवरून सांगत. आणि सगळ्याचा शेवट ठरलेला असे. या जाहिराती लिहिणाऱ्यांना घरीदारी कोणी मोठं माणूस नसतं का, असं त्या विचारत.

महिन्यातून एका शनिवारी बाई अर्धा दिवस सुटी घेत आणि एका सर्वेक्षण कंपनीच्या ऑफिसात जात. नवी वस्तू किंवा नवी जाहिरात बाजारात यायच्या आधी तिथे आठ साध्या गिऱ्हाइकांना बसवून दाखवत आणि त्यांचं मत विचारत. लांब टेबल, छातीवर नंबराचा कागद, बशीत बिस्किटं, आणि एका बाजूला भिंतभर आरसा. आरशामागे जाहिरातवाले आणि त्यांचं गिऱ्हाईक बसतं, त्यांना आपण दिसतो, आपल्याला ते दिसत नाहीत, हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असे. बाकीच्या सात जणी त्यामुळे जपून बोलत. बाई चार नंबर. त्या आरशात एकदा केस ठीक करून घेत आणि मग थेट आरशाकडे बघून बोलत. मत द्यायचं आणि वर चहा प्यायचा, याहून न्यायाची गोष्ट बाईंना जगात माहीत नव्हती. महिनाभर त्या या शनिवारची वाट बघत.

तिथे पहिल्यांदा गेल्या तेव्हा एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात प्रश्न होता, घरात किंवा जवळच्या नात्यात कोणी जाहिरातीच्या धंद्यात आहे का. बाईंनी ठसठशीत 'नाही' लिहिलं. हे उत्तर खोटं होतं. पण बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

त्याचं असं झालं. बाईंची एकुलती एक लेक. तिने चार वर्षांपूर्वी आपलं लग्न आपणच ठरवलं आणि आईला सांगायला आली. नेमकी त्या वेळी आई टीव्हीसमोर बसून एका जाहिरातीची सालं काढत होती. मुलगा काय करतो, असं आईने मान न वळवता विचारलं. मुलगा जाहिराती लिहितो, हे वाक्य लेकीच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, कम्प्युटरवर काम करतो. यात खोटं काहीच नव्हतं, तो कम्प्युटरवरच लिहायचा. बाईंनी पुढे ते आपल्या पद्धतीने रुजवलं. आमचे जावईबापू कम्प्युटरमध्ये आहेत, असं त्या ज्याला त्याला सांगत, आणि जावई शेजारी उभे असले तर कौतुकाने त्यांच्याकडे बघून विचारत, हो की नाही हो?

जावई म्हणत, "हो आई."

जावई उंच, शांत आणि कमालीचे सभ्य होते. चार वर्षांत त्यांनी सासूबाईंना 'हो आई' याखेरीज दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. चहा चांगला झालाय ना, हो आई. बाहेर गरम होतंय ना, हो आई. जाहिरात लिहिणाऱ्यांना अक्कल नसते ना, हो आई. सुरुवातीला बाईंना वाटलं, किती गुणी माणूस आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, बुजलेत, रुळतील. चौथ्या वर्षी मात्र त्या लेकीला म्हणाल्या, की तुझ्या नवऱ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत डोकावून हाक मारणं. आपलंच परत येतं. लेकीने विषय बदलला. तिला कारण माहीत होतं.

तर एका शनिवारी त्या टेबलावर एका नव्या खेळाची जाहिरात दाखवली. खेळ फोनवरचाच, पण खास वयस्क माणसांसाठी काढलेला. जाहिरातीत एक आजी होत्या. पांढरे केस, मांडीवर लोकरीचा गुंडा. नातू येतो, हातात फोन देतो, आजी दचकतात, नातू बोट धरून शिकवतो, आजींना जमतं, आणि मग सगळं घर खुर्चीमागे उभं राहून टाळ्या वाजवतं. शेवटी आजी तोंडभर हसतात.

चर्चा घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, कसं वाटलं. पहिल्या तिघी म्हणाल्या, छान आहे, गोड आहे. मग चार नंबरची पाळी आली.

बाईंनी दातांपासून सुरुवात केली. या बाई सत्तरीच्या दाखवल्यात आणि दात पंचविशीतले. कवळी म्हणावी तर इतकी पांढरी कवळी कोणी शहाणा करत नाही, आम्ही एक छटा पिवळी धरतो, नाहीतर ती खोटी दिसते. बरं, दात सोडा. फोन बघून दचकतात कशाला? विंचू दिलाय का हातात? आमच्या वयाच्या बायका जाहिरातीत नेहमी एकतर विणत असतात, नाहीतर दचकत असतात. इथवर बोलून बाईंनी एक बिस्किट खाल्लं. मॅडमना वाटलं संपलं, आणि त्या पाच नंबरकडे वळल्या. पण बाईंचं खरं म्हणणं अजून यायचं होतं. त्या आरशाकडे वळून बसल्या.

"आणि एवढं घर मागे उभं कशाला केलंय? मी खेळते ती वीस मिनिटं मला कोणी हाक मारत नाही म्हणून खेळते. तेवढीच माझी असतात. तुम्ही तिथेच सगळ्यांना आणून उभं केलंत. हे ज्याने लिहिलं ना, त्याने आपल्या सासूकडे कधी नीट बघितलेलं नाही."

सगळ्या हसल्या. मॅडमनी भराभर लिहून घेतलं. पहिल्या तिघींनी आपापली मतं बदलली. आरशामागे काय झालं ते इकडे दिसायचं कारणच नव्हतं.

चर्चा संपली, बाई तिथे भेट मिळालेली शाम्पूची बाटली पिशवीत टाकून बाहेर आल्या, आणि पॅसेजमधलं शेजारचं दार उघडून हातात कागदी कप घेतलेले जावईबापू समोर आले. दोघंही थबकले. बाईंना आनंदच झाला. चेहरा खुलवून त्यांनी विचारलं, की तुम्ही इथे कसे, इथला कम्प्युटर बिघडला की काय?

"हो आई," जावई म्हणाले.

आणि त्याच वेळी मागून मॅडम आल्या आणि जावयांना म्हणाल्या, की सर, क्लायंट विचारतायत, आजींची जाहिरात बदलून कधी देताय, आठ दिवसांत जमेल का? जावयांनी मान हलवली. मग बाईंकडे वळून अतिशय आदराने विचारलं, "आई, पाणी हवंय का?"

बाईंना पाणी नको होतं. त्यांना तिथल्या तिथे जमीन दुभंगून हवी होती. चार वर्षांतलं आपलं एकेक वाक्य त्यांना आठवायला लागलं आणि घरी पोचेपर्यंत ती संपली नाहीत.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती आधी रडली, मग चिडली, मग दोन्ही एकदम. नवऱ्याच्या ऑफिसात लिहिणाऱ्यांच्या गटाचा प्रमुख नेमायचा होता. या जाहिरातीवर ते ठरणार होतं. आता गिऱ्हाइकाने आठ दिवस दिले होते, पुढच्या शनिवारी त्याच आठ जणींना पुन्हा बोलावणार होते. दुसऱ्या खेपेलाही आठ जणींना आवडलं नाही तर काम आणि जागा दोन्ही दुसऱ्याकडे जाणार. आई, तुला तोंड आवरता येत नाही का, असं तिने विचारलं. बाईंनी विचारलं, तू मला चार वर्षं सांगितलं का नाहीस. लेक म्हणाली, कसं सांगणार होते, तू संधी कधी दिलीस? त्या रात्री बाईंनी टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या. जावयांनी दार उघडलं, खुर्ची दिली, पंखा लावला. बाईंनी जपून जपून माफीची सुरुवात केली, तर ते म्हणाले, "नाही आई, बरोबरच होतं तुमचं." एवढंच. रागाचा एक शब्द नाही, कपाळावर आठी नाही. बाई गोंधळल्या. मग टीव्हीवर जाहिराती लागल्या तेव्हा त्यांनी त्यांचं कौतुक करायला घेतलं. एका साबणाला त्या 'विचार आहे हो यात' म्हणाल्या. पांढऱ्या डगल्यातला टूथपेस्टवाला आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि 'चांगला माणूस दिसतोय' असं म्हणाल्या. लेकीने आईच्या कपाळाला हात लावून बघितला. जावई म्हणाले, हो आई.

त्या दिवशी बाईंना खरी काळजी लागली. जावयांची जागा जाईल ही काळजी होतीच, पण त्याहून एक वेगळी होती आणि ती त्यांना आपल्या कामावरून समजत होती. कवळी पक्की करण्याआधी एक दिवस असा असतो, की मेणातली कच्ची कवळी पेशंटच्या तोंडात बसवून बघतात. बाई त्या वेळी डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहत. काही पेशंट भांडकुदळ असतात. इथे टोचतंय, तिथे उंच वाटतंय, हसल्यावर घोड्यासारखं दिसतंय. त्यांच्या कवळ्या उत्तम होतात, कारण मेण आहे तोवर सगळं हलवता येतं. भीती असते ती भल्या माणसांची. छान आहे, छान आहे म्हणत ते उठतात, आणि पुढे कवळी डबीत ठेवून हिरड्यांनी जेवतात. परत तक्रार करायलाही येत नाहीत.

जावईबापूंनी चार वर्षं डबी बंद ठेवली होती. लेकीसाठी ते आपल्याला सांभाळून घेत होते, आणि असंच सांभाळत ते म्हातारे झाले असते. बाईंनी हे पॉलिशवाल्या काकांना सांगितलं. काका त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला बसून मशीनवर कवळ्या घासत आणि मशीनच्या आवाजामुळे त्यांना निम्मंच ऐकू येई. ते म्हणाले, जावई उलट बोलत नाही ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतोय. मग पुन्हा घासायला लागले.

बाईंनी एक गोष्ट केली. बुधवारी त्या सर्वेक्षण कंपनीत गेल्या आणि मॅडमना म्हणाल्या, की माझा फॉर्म चुकलाय, जावई जाहिरातीत आहेत, मला आत्ता कळलं. मॅडमना वाईट वाटलं. इतकं बोलणारं माणूस त्यांना पुन्हा मिळणार नव्हतं. पण नियम तो नियम, त्यांनी चार नंबरवर काट मारली. बाईंचा शनिवार गेला. जिना उतरताना त्यांचे डोळे भरून आले, आणि आपण एवढ्याशा गोष्टीसाठी रडतोय याचा त्यांना रागही आला.

ही बातमी ऑफिसातून जावयांपर्यंत पोचली असावी. कारण गुरुवारी दुपारी बाईंनी साच्यात प्लास्टर ओतलं आणि हात धुवायला मागे वळतात तो दारात जावई उभे. खांद्याला लॅपटॉप. ते याआधी या खोलीत कधी आले नव्हते. शनिवारी तुम्ही तिथे नसणार, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं, असं ते म्हणाले. बाईंनी दातांच्या पेट्या सरकवून टेबलावर जागा केली, एक स्टूल पुढे केलं आणि काकांच्या हातात चहाची किटली दिली.

नवी जाहिरात अजून कच्ची होती. नुसती पेन्सिलची चित्रं आणि त्यावर जावयांचाच आवाज. एक बाई खुर्चीत बसून फोनवर खेळतायत. आतून कोणी विचारतं, माझे मोजे कुठे आहेत? त्या मान न उचलता म्हणतात, कामात आहे. कोणी विचारतं, माझा चष्मा बघितला का? कामात आहे. दाराची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो. कामात आहे. बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी काकांना हाक मारली आणि दोघांनी पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग शेवट आला. एक लहान नात येते, काही न बोलता शेजारी बसते. बराच वेळ तशीच बसते. मग त्या बाई नजर न उचलता फोन तिच्याकडे सरकवतात आणि म्हणतात, पुढची चाल तू कर.

चित्रं थांबली. बाई आज ठरवून बसल्या होत्या की काही झालं तरी छान म्हणायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, की सगळं चांगलं आहे, पण शेवट काढून टाका. एवढ्या मुश्किलीने तिला वीस मिनिटं मिळाली आणि तुम्ही पुन्हा पोर आणून बसवलंत. तिच्या हातातलं काढून घेतलंत.

"हो आई," जावई म्हणाले आणि शेवट काढायला त्यांनी हात पुढे केला.

बाईंचा संयम सुटला. त्यांनी लॅपटॉपवर चक्क आपला पंजा ठेवला, प्लास्टरचा पांढरा शिक्का उमटला.

"हो आई काय? तुम्हाला पटलं का?"

काकांनी मशीन बंद केलं.

"नाही," जावई म्हणाले. आपलाच आवाज ऐकून ते दचकलेले दिसले. "नाही पटलं. शेवट राहणार. तिच्या हातातून कोणी काढून घेत नाहीये. ती देतेय. कोणी मागितलेलं नसताना देतेय."

बाई म्हणाल्या, असं कोणी देत नसतं, हे तुम्हा जाहिरातवाल्यांचं आहे, शेवटी सगळं गोड करायचं.

"तुम्ही दिलंत," जावई म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "गेल्या महिन्यात, आमच्या घरी. तुमची लेक ऑफिसातून रडवेली होऊन आली आणि तुमच्या शेजारी बसली. तुम्ही काही विचारलं नाहीत. फोन तिच्याकडे सरकवलात आणि म्हणालात, हे बघ गं, मला जमत नाहीये. तुम्हाला जमत होतं. पुढच्या तीन चाली मला लांबून दिसत होत्या, तर तुम्हाला दिसत नव्हत्या? ती खेळत बसली आणि शांत झाली. मी समोर बसलो होतो, आई. सासूकडे नीट बघितलेलं नाही म्हणे."

ते खरं होतं. त्यांना वाटलं होतं, कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

पण एकदा बूच उडाल्यावर जावयांना थांबता येईना. त्यांनी सांगितलं, की मी कम्प्युटरमध्ये नाही, कधीच नव्हतो. तुमच्या चहात साखर इतकी असते की चमचा उभा राहील, चार वर्षं मी तो पितोय. हरणाऱ्या बोटाची जाहिरात वाईट आहे हे मलाही कळतं, ती मी लिहिलेली नाही, पण शिव्या माझ्यासमोर बसून घालता. बाई कशाला मागे राहतात? त्या म्हणाल्या, साखर जास्त होती तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, मी काय तुम्हाला खाणार होते? आणि शेवट वाईटच आहे, मी दिला असेल फोन, पण त्याची जाहिरात करत फिरले नाही. यावर जावई ताडकन उठले.

"आई, तुम्हाला जाहिरातीतलं काहीही कळत नाही," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला, आणि ते अर्धा चहा टाकून, येतो न म्हणता निघून गेले.

काकांनी बाईंकडे बघितलं. बाई हसत होत्या. प्लास्टर कधीच घट्ट झालं होतं.

हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. मग भीती वाटायला लागली. चार वर्षं न बोललेला माणूस बोलला, हे ठीक. पण बोलून जो गेला तो परत आलाच नाही तर? काही पेशंट भांडतात आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, असंही बाईंनी बघितलेलं होतं. लेकीला फोन करावा असं दहादा वाटलं आणि दहादा त्यांनी फोन खाली ठेवला. शुक्रवारी त्यांनी एका सज्जन गृहस्थांच्या कवळीत वरचे दात उलट क्रमाने लावले आणि काकांनी दाखवल्यावर मुकाट्याने काढले. शनिवारी त्या सुटी न घेता कामावर बसल्या. अकरा वाजले तेव्हा त्यांच्या मनात आलं, आता आठ जणी टेबलाभोवती बसल्या असतील. बाराला आलं, आता चार नंबर बोलत असेल. कोण असेल कोण जाणे.

तीन वाजता लेकीचा फोन आला. तिच्या आवाजावरूनच बाईंना कळलं आणि त्या स्टुलावर टेकल्या. जाहिरात पास झाली होती. आठांपैकी सात जणींना आवडली, गिऱ्हाईक आरशामागे उभं राहून हसलं, आणि जागेचं पत्र सोमवारी मिळणार होतं. बाईंनी डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, शेवट कुठला ठेवला?

लेक जरा घुटमळली. त्यांचाच, ती म्हणाली. आणि आई, त्या सात जणींना शेवटच सगळ्यात जास्त आवडला, दोघी तर रडल्या. मग आवाज खाली आणून तिने सांगितलं, की ते परवा तुझ्याकडून आले ते घरभर फेऱ्या मारत होते, मी आईंशी भांडलो, मी आईंशी भांडलो म्हणत. आता म्हणतायत, आईंना सांग, त्या चुकल्या होत्या. तुला राग तर नाही ना आला?

"राग कसला? फोन दे त्याच्याकडे."

फोन हातोहात झाला. पलीकडे जावयांनी घसा साफ केला. बाईंना खरं तर अभिनंदन म्हणायचं होतं, आणि तू माझ्याकडे इतकं नीट बघितलंस हेही म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "त्या सातही जणींना काही कळत नाही. शेवट वाईटच आहे."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आई, तुम्ही तिथेच थांबा," जावई म्हणाले. "हे फोनवर व्हायचं नाही. मी येतोय."

बाईंनी फोन ठेवला. दुसरं स्टूल ओढून आणलं, फडक्याने पुसलं, आपल्यासमोर नीट मांडलं. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी काकांच्या खांद्याला हात लावला आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "आज हे जरा लवकर बंद करा. आमच्या घरचं माणूस भांडायला येतंय."